वर्तन-तंत्रज्ञ म्हणून काम सुरू करताना

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या केंद्रात वर्तन-तंत्रज्ञ, म्हणजेच बिहेविअर टेक्निशियन, म्हणून नव्याने रुजू होणाऱ्या व्यक्तीला सर्वांत जास्त ओढ असते ती मुलाला काहीतरी शिकवून दाखवण्याची. ही ओढ स्वाभाविक असली तरी या कामात शिकवण्याआधी पाहणे येते आणि पाहिलेले जसेच्या तसे लिहिणे येते. योजना आखण्याची जबाबदारी वर्तन-विश्लेषकाची किंवा सुपरवायझरची असते. तंत्रज्ञाने ती ठरल्याप्रमाणे राबवायची आणि तिचा परिणाम काय झाला याची विश्वासार्ह नोंद द्यायची असते. सुपरवायझर मुलाला अधूनमधून पाहतो, तंत्रज्ञ जवळजवळ रोज पाहतो. त्यामुळे तंत्रज्ञाची नोंद कच्ची असेल, तर वरच्या माणसाची हुशारीही फुकट जाते. पुढील मार्गदर्शन मुख्यतः बडोद्यातील मराठी घरांमध्ये किंवा तेथील केंद्रांमध्ये हे काम सुरू करणाऱ्यांसाठी आहे.

पदाचे स्वरूप आणि पात्रता

उपयोजित वर्तन विश्लेषण, ज्याला सगळीकडे एबीए म्हटले जाते, त्याचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या साधक अभिसंधानाच्या कामात आहे. वर्तनानंतर जे घडते त्यावरून ते वर्तन पुढे वाढेल की घटेल हे ठरते, हे त्याचे मूळ सूत्र आहे. १९६८ मध्ये डोनाल्ड बेअर, मॉन्ट्रोज वुल्फ आणि टॉड रिस्ली या कॅन्सस विद्यापीठातील संशोधकांनी या शाखेची सात लक्षणे मांडली. त्यांपैकी तंत्रज्ञाने दोन तरी मनात ठेवावीत: निवडलेले वर्तन त्या व्यक्तीच्या आयुष्यात खरोखर उपयोगी असले पाहिजे, आणि वापरलेली पद्धत इतकी स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे की दुसऱ्या माणसाला ती वाचून तशीच करता यावी.

अमेरिकेतील बिहेविअर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्डाने २०१४ मध्ये ‘आरबीटी’ (रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन) ही प्रवेशपातळीची पात्रता सुरू केली. तिच्यासाठी ४० तासांचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष कामाची चाचणी आणि परीक्षा असते. मात्र २०२३ पासून हे मंडळ बहुतेक देशांतील रहिवाशांचे नवे अर्ज घेत नाही आणि त्यात भारतही आला. त्यामुळे ‘आमच्याकडे आरबीटी मिळवून देतो’ अशी जाहिरात दिसल्यास नीट चौकशी करावी. भारतात पुनर्वसन क्षेत्रातील अभ्यासक्रमांना आणि व्यावसायिकांच्या नोंदणीला कायदेशीर आधार आहे तो भारतीय पुनर्वास परिषदेचा. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली असून विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ इत्यादींची नोंद तिच्याकडे होते. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून मानसशास्त्र किंवा मानवी विकास शिकून या कामाकडे वळणाऱ्याला विषयाची पूर्वतयारी मिळालेली असते, पण ती परिषदेच्या नोंदणीची जागा घेत नाही. नोकरी स्वीकारण्यापूर्वी विचारायचा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा आहे: माझे सुपरवायझर कोण, त्यांची पात्रता काय आणि ते मला मुलाबरोबर काम करताना प्रत्यक्ष किती वेळ पाहतील? या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर मिळाले, तर तेथे शिकायला फारसे मिळणार नाही असे समजावे.

वर्तन शब्दांत पकडणे

‘तो फार हट्टी आहे’, ‘आज मूड नव्हता’, ‘मुद्दाम त्रास देते’ ही वाक्ये नोंदवहीत शोभत नाहीत, कारण ती वर्तन सांगत नसून लिहिणाऱ्याचे मत सांगतात. वर्तन म्हणजे जे दिसते किंवा ऐकू येते आणि मोजता येते. ‘हट्टीपणा’ऐवजी ‘सूचना दिल्यावर जमिनीवर आडवे पडून ५ सेकंदांहून अधिक काळ रडणे’ असे लिहिले, की दोन वेगवेगळ्या माणसांना तेच वर्तन ओळखता येते. व्याख्येत काय धरायचे याबरोबर काय धरायचे नाही हेही लिहावे. ‘चावणे’ याची व्याख्या करताना दात दुसऱ्याच्या त्वचेला किंवा कपड्याला लागले तर ते धरायचे, पण पेन्सिल किंवा खेळणे तोंडात घातले तर धरायचे नाही, इतके स्पष्ट असल्यास सकाळचा आणि दुपारचा तंत्रज्ञ एकच गोष्ट मोजतात.

ऑगडेन लिंडस्ले यांनी सुचवलेली एक कसोटी ऐकायला विचित्र वाटते, पण फार उपयोगी आहे: जे मृत माणूसही करू शकतो, ते वर्तन नव्हे. ‘शांत बसणे’, ‘ओरडू नये’, ‘हात हलवू नयेत’ ही उद्दिष्टे या कसोटीवर लगेच पडतात. मुलाने काय करू नये याऐवजी काय करावे, हे उद्दिष्टात यायला हवे. ‘ओरडू नये’ऐवजी ‘पाण्याची बाटली हवी असता चित्रकार्ड देणे’ असे. पालक बहुधा पहिल्या प्रकारची उद्दिष्टे घेऊन येतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. त्यांचे म्हणणे तसेच लिहून सुपरवायझरकडे द्यावे.

आधी काय घडले, नंतर काय घडले

वर्तन हवेत घडत नाही. त्याच्या आधी काहीतरी घडलेले असते आणि नंतर काहीतरी घडते. या तीन गोष्टींची नोंद म्हणजे पूर्वघटना, वर्तन आणि परिणाम यांची नोंद, जिला केंद्रात ‘एबीसी’ म्हणतात. समजा, दांडिया बाजारातील एका घरी सहा वर्षांचा मुलगा दुपारी टेबलाशी बसून चित्रे जुळवत आहे. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते, तंत्रज्ञ ‘आता हे जुळव’ म्हणतात, मुलगा पत्ते फेकतो, आजी धावत येऊन त्याला जवळ घेतात आणि मोबाइल हातात देतात. पत्ते फेकण्याचे कारण काम टाळणे असेल, आजींचे जवळ घेणे असेल, मोबाइल असेल किंवा शिट्टीच्या आवाजाचा त्रासही असेल. एका प्रसंगावरून यांपैकी एकही ठरवता येत नाही आणि ठरवण्याची घाई करू नये. चारही गोष्टी लिहाव्यात, वेळ लिहावी, आणि असे प्रसंग साठू द्यावेत. मग एखाद्या नोंदीत शिट्टी नसते तरी पत्ते उडतात, दुसरीत आजी बाहेर गेलेल्या असतात आणि पत्ते जागेवर राहतात, आणि हळूहळू चित्र स्पष्ट होते.

वर्तनामागची कार्ये सामान्यतः चार सांगितली जातात: लक्ष मिळवणे, नकोशा गोष्टीतून सुटका, हवी ती वस्तू किंवा कृती मिळवणे, आणि त्या वर्तनातून मिळणारी स्वतःची शारीरिक संवेदना. या यादीचा एक धोका असा की नवा तंत्रज्ञ प्रत्येक प्रसंगाला चटकन एक शिक्का लावू लागतो. त्याहून मोठा धोका शारीरिक कारण नजरेआड होण्याचा आहे. ज्या मुलाला बोलता येत नाही, त्याने अचानक कानावर मारायला किंवा जेवताना किंचाळायला सुरुवात केली, तर कानदुखी, दात, बद्धकोष्ठता, झोप यांची चौकशी सर्वांत आधी व्हायला हवी. असा बदल दिसल्यास तो त्याच दिवशी सुपरवायझरला कळवावा, म्हणजे पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास वेळेवर सुचवता येईल.

नोंदीच्या कोपऱ्यात त्या दिवसाची परिस्थितीही यावी. नवरात्रात सोसायटीतला गरबा रात्री उशिरापर्यंत चालतो. उत्तरायणाच्या १४ आणि १५ जानेवारीला गच्चीगच्चीवर स्पीकर वाजतात. त्या दिवसांत झोप अर्धी झालेल्या मुलाचे आकडे खाली आले, तर योजना फसली असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ‘रात्री झोप उशिरा’ एवढी एक ओळ पुष्कळ काही सांगून जाते.

मोजमाप

किती वेळा घडले हे मोजणे सर्वांत सोपे, पण नुसता आकडा फसवा असतो. ४० मिनिटांच्या सेशनमध्ये १२ वेळा आणि २ तासांच्या सेशनमध्ये १२ वेळा यांत मोठा फरक आहे. पहिला दर मिनिटाला ०.३ आहे, दुसरा ०.१. म्हणून सेशनची लांबी नेहमी लिहावी आणि तुलना दराची करावी. रडण्यासारखे लांबणारे वर्तन मोजताना एकूण कालावधी घ्यावा, कारण एकदाच पण २५ मिनिटे चाललेले रडणे ‘१’ या आकड्यात हरवून जाते. सूचना दिल्यापासून मूल सुरुवात करेपर्यंत गेलेला वेळ हेही एक स्वतंत्र माप आहे, आणि ‘ऐकत नाही’ अशी तक्रार असलेल्या मुलांमध्ये ते अनेकदा उलगडा करते: मूल ऐकत असते, फक्त त्याला प्रतिसादासाठी ८ सेकंद लागतात आणि आपण तिसऱ्या सेकंदाला सूचना पुन्हा देतो.

वर्तन फार वारंवार घडत असेल, तर वेळेचे छोटे भाग पाडून नोंद करतात. भागात कधीही घडले तरी खूण करण्याच्या पद्धतीत वर्तन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. पूर्ण भागभर चालले तरच खूण करण्याच्या पद्धतीत ते कमी दिसते. म्हणूनच कमी करायच्या वर्तनासाठी सहसा पहिली आणि वाढवायच्या वर्तनासाठी सहसा दुसरी पद्धत वापरतात, जेणेकरून चूक झालीच तर ती आपल्याला खोटा आनंद देणाऱ्या बाजूला होऊ नये. कोणती वापरायची हे योजनेत लिहिलेले असते. तंत्रज्ञाने ती मधेच बदलू नये.

दोन निरीक्षकांच्या नोंदी अधूनमधून ताडून पाहिल्या जातात. एकाने १८ आणि दुसऱ्याने २० प्रसंग मोजले, तर लहान आकड्याला मोठ्याने भागून ९० टक्के एकमत येते, आणि साधारणपणे ८० टक्क्यांच्या खाली गेल्यास व्याख्या किंवा प्रशिक्षण पुन्हा तपासतात. अर्थात दोघांनी वेगवेगळे प्रसंग मोजूनही बेरीज सारखी येऊ शकते, म्हणून भागवार तुलना अधिक भरवशाची. सेशन संपल्यावर आठवून कागद भरणे ही सवय मात्र पहिल्याच दिवशी टाळावी. स्मरणशक्ती सरासरी काढते आणि ती सरासरी बहुधा आपल्या अपेक्षेच्या बाजूला झुकलेली असते.

प्रबलन

वर्तनानंतर काहीतरी मिळाले किंवा काहीतरी हटले आणि त्यामुळे ते वर्तन पुढे वाढले, तर त्याला प्रबलन म्हणतात. मिळाल्याने वाढले तर धन प्रबलन, नकोसे हटल्याने वाढले तर ऋण प्रबलन. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, हा गैरसमज पदवीधरांमध्येही आढळतो. मुलाने ‘बस’ची, म्हणजे ‘पुरे’ची, खूण केल्यावर आवाज करणारा मिक्सर बंद केला आणि पुढे ती खूण वाढली, तर ते ऋण प्रबलन आहे आणि त्यात शिक्षेचा लवलेश नाही.

एखादी वस्तू प्रबलक आहे की नाही, हे ती किती महाग किंवा गोड आहे यावर ठरत नसून वर्तन वाढले की नाही यावर ठरते. त्यासाठी पसंतीची चाचणी घेतात: दोन-दोन वस्तू समोर ठेवून मूल कोणती उचलते ते पाहणे, किंवा पाच-सात वस्तू मांडून उचललेली वस्तू पुन्हा न ठेवता क्रम लावणे. पसंती दिवसागणिक बदलते, म्हणून सेशनच्या सुरुवातीला दोन मिनिटे यात घालवलेली परवडतात. खाऊ वापरायचा झाल्यास पालकांची लेखी संमती, अ‍ॅलर्जी आणि घशात अडकण्याचा धोका हे तिन्ही पाहावेत. लहान मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा चिवड्यातले कडक दाणे देऊ नयेत. नुकतेच जेवून आलेल्या मुलाला खाऊची मातब्बरी राहत नाही, पण त्यावर उपाय म्हणून जेवण किंवा पाणी रोखून धरणे हे कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. मला स्वतःला खाऊपेक्षा खेळ, गाणे, गुदगुल्या, झोका ही प्रबलके बरी वाटतात, कारण ती माणसाबरोबरच मिळतात.

प्रबलक वर्तनानंतर लगेच, एक-दोन सेकंदांत द्यावे. नवे कौशल्य शिकवताना प्रत्येक बरोबर प्रतिसादाला द्यावे आणि ते पक्के झाल्यावर हळूहळू विरळ करावे. ‘शाब्बास’ म्हणताना कशाबद्दल तेही सांगावे.

शिकवण्याच्या पद्धती

टेबलावरचे काम बहुधा सुट्या प्रयत्नांत चालते: एक स्पष्ट सूचना, गरज पडल्यास मदत, मुलाचा प्रतिसाद, त्याचा परिणाम, आणि पुढच्या प्रयत्नापूर्वी छोटी विश्रांती. सूचना एकदाच द्यावी. ‘लाल दाखव, अरे लाल कुठे आहे, बघ ना, लाल’ असे चार वेळा म्हटल्यास मूल चौथ्या वेळेची वाट पाहायला शिकते. मदत हात धरून, करून दाखवून, बोटाने खुणावून किंवा शब्दांत अशी कमी-अधिक तीव्रतेची असते आणि ती कशी मागे घ्यायची हे योजनेत आधीच ठरलेले असते; न ठरवता दिलेली मदत मुलाची कायमची गरज बनते. हात धरण्यापूर्वी मुलाला सांगावे, आणि त्याने हात मागे ओढला तर जबरदस्ती न करता थांबावे.

हात धुण्यासारखे काम पायऱ्यांत मोडून शिकवतात. शेवटून सुरुवात करण्याची पद्धत अशा कामांना विशेष सोयीची असते: आधीच्या सगळ्या पायऱ्यांत तंत्रज्ञ मदत करतात आणि हात पुसण्याची शेवटची पायरी मूल स्वतः करते, त्यामुळे पूर्ण झाल्याचा आनंद त्याला पहिल्या दिवसापासून मिळतो. पायऱ्या लिहिण्यापूर्वी त्या घरातली मोरी, नळाची उंची आणि साबण कुठे असतो हे पाहून यावे. केंद्रातल्या बेसिनवर शिकलेले घरच्या बादली-तांब्यावर आपोआप उतरत नाही. जे टेबलावर आले ते सयाजीबागेत, आजोबांबरोबर, शाळेत आले, तरच ते आले असे म्हणता येते. त्यासाठी मुलाच्या आवडीचा धागा पकडून खेळता-खेळता शिकवण्याचा वेळ योजनेत असावा लागतो.

मागणी करायला शिकवणे हे माझ्या मते सुरुवातीच्या सगळ्या उद्दिष्टांत पहिले आहे. बडोद्यातील मराठी मुलाच्या घरी मराठी, जिन्यात आणि दुकानात गुजराती, शाळेत इंग्रजी आणि टीव्हीवर हिंदी असते, त्यामुळे मागणी कोणत्या भाषेत शिकवायची हा खरा प्रश्न ठरतो. दोन भाषा कानांवर पडल्याने स्वमग्न मुलाची भाषा मागे पडते असे संशोधनात आढळलेले नाही, म्हणून ‘घरी मराठी बंद करा’ असा सल्ला देऊ नये. ज्याच्याकडून मुलाला ती गोष्ट मिळणार आहे, त्याला समजणारा शब्द, खूण किंवा कार्ड निवडावे. ‘पाणी’ आणि ‘बस’ सगळीकडे चालतात, म्हणून आरंभ त्यांच्यापासून करणे सोयीचे; घरातले ‘नको’ शाळेतल्या बाईंना कळणार नसेल, तर त्याच्या जोडीला कार्ड द्यावे.

त्रासदायक वर्तनाच्या वेळी

एखादे वर्तन मुलाचे काहीतरी काम साधून देत असते. ते काम साधण्याचा दुसरा मार्ग न देता वर्तन बंद करायला गेलो, तर मूल तिसरा मार्ग शोधते आणि तो बहुधा अधिक त्रासाचा असतो. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवून दिले की वर्तनाच्या कार्याशी जुळणारी संवादाची पद्धत शिकवल्यास त्रासदायक वर्तन कमी होते. काम नको म्हणून पत्ते फेकणाऱ्या मुलाला ‘थांबूया’चे कार्ड देणे शिकवावे आणि कार्ड आले की खरोखर थांबावे, सुरुवातीला प्रत्येक वेळी. ‘मग तो कामच करणार नाही’ अशी शंका घरची मंडळी घेतात. विश्रांती मिळते हे पक्के झाल्यावर कार्ड दिल्यापासून विश्रांती मिळेपर्यंतचा वेळ हळूहळू लांबवता येतो, हे त्यांना सांगावे.

आधी मिळणारा परिणाम बंद केल्यास, म्हणजे विलोपन केल्यास, वर्तन घटण्याआधी काही काळ उफाळून येऊ शकते. त्या उफाळ्यात घरातील एखाद्याने हार मानली, तर मुलाने शिकलेला धडा असा असतो की जास्त जोरात ओरडले की मिळते. म्हणून विलोपन तंत्रज्ञाने स्वतःच्या मनाने सुरू करू नये, आणि डोके आपटणे किंवा स्वतःला चावणे यांसारख्या वर्तनात तर मुळीच नाही. तेथे आधी सुरक्षितता पाहावी: उशी किंवा हात मधे धरावा, आसपासच्या वस्तू हटवाव्यात, सुपरवायझरला बोलावावे. मुलाला दाबून धरणे, कोंडणे, मारणे, घाबरवणे हे तंत्रज्ञाच्या कामात बसत नाही, मग पालकांनी परवानगी दिलेली असो वा नसो.

या शाखेचा इतिहास इथे माहीत असावा. १९८७ मध्ये इव्हार लोवास यांनी आठवड्याला सुमारे ४० तासांच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात १९ पैकी ९ मुले सर्वसाधारण बुद्ध्यंक मिळवून नेहमीच्या वर्गात पहिली इयत्ता उत्तीर्ण झाल्याचे म्हटले होते. पालकांना आजही हाच आकडा ऐकवला जातो. मुलांची विभागणी चिठ्ठी टाकून केलेली नव्हती आणि उपचारात मांडीवर चापट मारण्यासारखी शिक्षाही होती, हे मात्र सांगितले जात नाही. मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्तींनी या पद्धतींवर केलेली टीका, विशेषतः हात फडफडवणे बंद करणे किंवा नजरेला नजर देण्याची सक्ती यांवरची, गंभीरपणे घ्यावी. कोणालाही इजा न करणारे आणि मुलाला निवांत करणारे वर्तन कमी करण्याचे उद्दिष्ट योजनेत दिसल्यास ‘हे कोणासाठी?’ असे सुपरवायझरला विचारणे तंत्रज्ञाच्या अधिकारात बसते.

घर, गोपनीयता आणि कळवण्याची जबाबदारी

घरी जाऊन काम करताना आजी-आजोबांना ‘तुम्ही लाडावून ठेवलेत’ असे सुचवू नये. त्यांना एकच ठोस काम द्यावे, जसे की कार्ड दिल्यावर लगेच पाणी देणे. मुलाच्या देखत त्याच्या अडचणींची चर्चा टाळावी, कारण न बोलणारे मूलही ऐकत असते. बडोद्यातील मराठी समाज एकमेकांना ओळखतो. सेशनमधली आई संध्याकाळी गणपतीच्या आरतीला भेटते आणि शेजारच्या काकू ‘त्यांच्या नातवाकडे येता ना तुम्ही?’ असे सहज विचारतात. याला ‘मी कोणाकडे जाते हे सांगत नाही’ एवढेच उत्तर पुरेसे आहे. मुलाचे फोटो किंवा व्हिडिओ स्वतःच्या फोनवर ठेवू नयेत आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलाचे नाव लिहू नये.

निदान, औषधे, आहार, प्रमाणपत्र यांबद्दल पालक विचारतील. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय व्यवस्थेमार्फत मिळते, इतकी माहिती देणे ठीक. त्यापुढचा सल्ला संबंधित तज्ज्ञाचा. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास मात्र वाट पाहू नये: २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे आणि १०९८ या बाल मदत क्रमांकावरही कळवता येते. मुलाला खोदून प्रश्न न विचारता त्याने जे सांगितले किंवा जे दिसले ते त्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवावे.

सेशनची रोजची टिपणीही याच शिस्तीने लिहावी. ‘आज छान झाले’ याऐवजी ‘१० पैकी ७ वेळा मदतीशिवाय पाण्याचे कार्ड दिले, ४.२० वाजता एकदा पत्ते फेकले, आधी शिट्टी, नंतर २ मिनिटे विश्रांती. आजी घरी नव्हत्या’ असे लिहिल्यास सुपरवायझरला पुढचा निर्णय घेता येतो. सलग काही सेशनमध्ये आलेखाची रेघ जागची हलत नसेल, तर मुलाला अधिक सराव देण्यापूर्वी तो आलेख घेऊन सुपरवायझरकडे जावे, आणि योजना राबवताना आपल्याकडून एखादी पायरी गाळली गेली असल्यास तेही त्याच वेळी सांगावे, कारण ते न कळल्यास चांगली योजना उगाच बदलली जाते.